घराचें पाणी आणि शेजाऱ्याचें घर

आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे तो थाटामाटाचा नाहीं. घराला नको असलेलें पाणी घरापासून दूर कसें न्यावें, एवढाच तो आहे. काव्य, नाट्य, संगीत यांच्या पंक्तीला मोरी आणि गटार यांस पाट मिळत नाहीं, हें मी जाणतों. परंतु जुलै महिन्यांत मध्यरात्रीं ज्यानें खाटेवरून पाय खालीं टाकला आणि तो घोटाभर पाण्यांत पडला, त्याला या विषयाचें महत्त्व पटवून द्यावें लागत नाहीं.

मी राहतों नाहूर येथें. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्यें हें गांव आहे. स्टेशन अगदीं अलीकडचें, २००३ सालचें. गांव मात्र जुनें. १९५७ सालीं मुंबई महापालिकेची हद्द मुलुंडपर्यंत वाढली. आमच्या पश्चिमेस डोंगर आहे. त्याच्याच कुशींत विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. पूर्वेस मिठागरें, खारफुटी आणि ठाण्याची खाडी. डोंगरावर पडलेल्या पाण्याला खाडी गांठावयाची असते, आणि त्याच्या वाटेवर आम्ही घरें बांधून बसलों आहों. या वाटेंत प्रथम लाल बहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुना आग्रा रस्ता, आडवा येतो. मग १८५३ सालीं सुरू झालेल्या मुंबई-ठाणें रेल्वेचा मार्ग. आणि शेवटीं पूर्व द्रुतगति महामार्ग. रस्त्यांखालून व रुळांखालून पाण्याला जाण्यासाठीं ज्या वाटा ठेविल्या आहेत त्यांना आपण मोरी म्हणतों. घरांत भांडीं घासण्याची जागा तीहि मोरीच. आपल्या भाषेनें दोहोंना एकच नांव दिलें तें मला फार अर्थपूर्ण वाटतें. घरांतली मोरी आणि रुळांखालची मोरी या एकाच वाटेचीं दोन टोकें आहेत. जें पाणी आपण घरांतून काढून दिलें तें नाहींसें होत नाहीं. तें कोणाकडे तरी जातें. तें कोणाकडे जातें, याचा विचार ज्यानें केला नाहीं त्यानें पाणी काढलें असें म्हणतां येणार नाहीं. त्यानें तें नुसतें लोटलें.

प्रथम हें पाणी किती असतें तें पाहूं. शाळेंत असतांना मी मुलांकडून एक साधा प्रयोग करून घेत असें. उभ्या सरळ बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवावयाचा आणि पाऊस थांबल्यावर आंतील पाण्याची उंची पट्टीनें मोजावयाची. जितके मिलिमीटर उंची तितके मिलिमीटर पाऊस. आतां हिशेब असा कीं, एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. पांच मीटर रुंद आणि दहा मीटर लांब अशा लहानशा घराचें छप्पर पन्नास चौरस मीटरांचें. पंचवीस मिलिमीटरांची एक चांगली सर आली कीं त्या छपरावरून साडेबाराशें लिटर पाणी खालीं येतें. थेंबें थेंबें तळें सांचे ही म्हण आपण काटकसरीसाठीं वापरतों. पावसाळ्यांत ती अंगणांत अक्षरशः खरी होते.

२६ जुलै २००५ या दिवशींची आठवण मुंबईकर विसरणार नाहींत. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच वेळीं कुलाब्यास अवघा ७३. सांताक्रूझच्या त्या पावसानें आपल्या या पन्नास चौरस मीटरांच्या छपरावर सत्तेचाळीस हजार दोनशें लिटर पाणी ओतलें असतें. म्हणजे दहा हजार लिटरांच्या जवळजवळ पांच टँकरांइतकें, आणि तें केवळ एका घराचें. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेल्या होत्या. १९९३ सालीं ब्रिमस्टोवॅड नांवाचा जो अहवाल तयार झाला त्यानें हें मान ५० वर न्यावें असें सुचविलें. परंतु त्या जुलैच्या दुपारीं सांताक्रूझला एका तासांतच १९० मिलिमीटर पाऊस कोसळला. या आंकड्यांवरून एक गोष्ट उघड होते. सारा भार महापालिकेच्या गटारावर टाकून आपण स्वस्थ बसलों तर भागणार नाहीं. घराच्या भोंवतालचे पहिले दहा-वीस फूट घरवाल्यानेंच सांभाळले पाहिजेत.

घराला त्रास देणारें पाणी चार वाटांनीं येतें. एक छपरावरून, दुसरें अंगणांतून, तिसरें जमिनीच्या पोटांतून, आणि चौथें आपल्याच मोरींतून. प्रत्येकाचा स्वभाव निराळा, म्हणून उपायहि निराळा.

छपराच्या पाण्याविषयीं आपले वाडवडील फार सावध होते. आढ्याचें पाणी वळचणीला यावयाचेंच, हें त्यांना ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं वळचण भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढें काढली. घराला उंच जोतें दिलें. जेथें पागोळ्या पडत तेथें दगडांची ओळ बसविली, म्हणजे मातींत खळगा पडून पाणी जोत्याकडे वळूं नये. आतां वळचणी आखूड झाल्या आणि पन्हळी आल्या. पन्हळ चांगलीच, परंतु मे महिन्यांत तिच्यांत पिंपळाची पानें, कावळ्यांच्या घरट्यांच्या काड्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या सांचलेल्या असतात. पहिल्या सरीला ती तुंबते आणि पाणी नेमकें भिंतीवर उतरतें. दुसरी गोष्ट अशी कीं, पन्हळीची उभी नळी खालीं आणून पायाच्या तोंडाशींच मोकळी सोडलेली पुष्कळ घरांत दिसते. साऱ्या छपराचें पाणी गोळा करून एका जागीं पायांत ओतणें, याहून पन्हळ नसलेली बरी. त्या नळीचें तोंड घरापासून निदान चार-पांच फूट दूर, फरशीच्या पाटांत सोडावें.

या कामांतला आदर्श पाहावयाचा असेल तर आमच्याच डोंगराच्या पलीकडील अंगास कान्हेरीचीं लेणीं आहेत, तेथें जावें. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकाच्या सुमारास तेथें खोदकाम सुरू झालें आणि पुढें अनेक शतकें भिक्षु तेथें राहिले. त्यांनीं लेण्यांच्या माथ्यावरील खडकांत पन्हळी खोदून काढल्या. पावसाचें पाणी लेण्याच्या तोंडावर पडूं नये, तें बाजूनें वळावें आणि शेजारच्या खोदीव टांक्यांत सांठावें, अशी ती योजना. तेथील शिलालेखांत या टांक्यांना पोढी म्हटलें आहे. जें पाणी निवाऱ्याला नको होतें तेंच पिण्याला हवें होतें, हें त्या विरक्त माणसांनीं ओळखलें. आपण मात्र जुलैंत जें पाणी शिव्या देऊन घालवितों त्याच्याचसाठीं एप्रिलांत रांग लावतों. मुंबई महापालिकेनें नव्या मोठ्या इमारतींना पावसाचें पाणी सांठविण्याची सक्ति २००२ पासून केली आहे. चाळींतल्या बिऱ्हाडालाहि एक पिंप पन्हळीखालीं ठेवतां येईल. मात्र त्याचें तोंड कापडानें बांधावें, नाहीं तर डेंग्यूचे डांस त्यांतच जन्म घेतील.

आतां अंगणाचें पाणी. येथें सारी करामत उताराची आहे. गवंडी लोक त्याला ढाळ म्हणतात. घराच्या भिंतीपासून दहा फुटांत सहा इंच ढाळ बाहेरच्या बाजूस असावा. डोळ्यांनीं पाहून ढाळ कळत नाहीं, डोळा फसवितो. गवंडी यासाठीं पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. ही कृति घरच्या घरींहि करतां येते. नळींत पाणी भरावें, आंत हवेचा बुडबुडा राहूं देऊं नये. एक टोंक भिंतीशीं उभें धरावें, दुसरें दहा फुटांवर एका काठीशीं धरावें. दोन्ही टोंकांतील पाणी एकाच पातळीवर उभें राहतें. त्या पातळीपासून जमिनीपर्यंत दोन्हीकडे माप घ्यावें. काठीकडचें माप जितकें जास्त तितका ढाळ बाहेर. भिंतीकडचें माप जास्त निघालें तर समजावें कीं आपलें अंगण पाऊस घरांत बोलावीत आहे. पांच मिनिटांचें काम आहे, पण पुष्कळांना तें आयुष्यांत एकदांहि सुचत नाहीं.

याच ठिकाणीं एका नव्या संवयीकडे लक्ष वेधतों. चिखल नको म्हणून हल्लीं सारें अंगण फरशीनें मढवितात. मातीचें अंगण असें तोंवर पहिल्या सरींचें बरेंचसें पाणी जमीन पिऊन टाकी. परसांत केळी आणि अळू लावण्याची जी चाल होती तींतहि हाच शहाणपणा होता. न्हाणीघराचें पाणी तेथेंच जिरे. फरशीनें जमिनीचें तोंड बांधून टाकलें कीं पडेल तो प्रत्येक थेंब वाहूं लागतो आणि शेजाऱ्याकडे निघतो. म्हणून कुंपणालगत हात-दोन हात रुंदीची पट्टी तरी मातीची राहूं द्यावी.

तिसरें पाणी जमिनीच्या पोटांतलें. हें दिसत नाहीं. भिंतीचा रंग फुगतो, चुना सुटतो, कपाटांतल्या कपड्यांना कुबट वास येतो, तेव्हां कळतें कीं कोठें तरी पाणी मुरतें आहे. घर उतारावर असेल तर वरच्या बाजूनें येणारें हें पाणी घराशीं पोंचण्यापूर्वींच अडवून बाजूला वळवावें लागतें. त्यासाठीं जो चर खणतात त्याला इंग्रज लोक फ्रेंच ड्रेन म्हणतात. नांवावरून हा फ्रान्स देशाचा शोध असावा असें वाटतें. पण तसें नाहीं. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतीं हेन्री फ्लॅग फ्रेंच या नांवाचे एक न्यायाधीश होते. शेतांतून पाणी काढण्याच्या विद्येवर त्यांनीं १८५९ सालीं एक ग्रंथ लिहिला, आणि त्यांचें आडनांव या चराला चिकटलें. वॉशिंग्टन येथील लिंकनचा भव्य बैठा पुतळा ज्यानें घडविला तो शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच हा त्यांचाच मुलगा. मुलाचा पुतळा पाहावयास जगांतून लोक येतात. बापाचा चर जमिनीखालीं निमूटपणें घरें कोरडीं ठेवीत आहे.

हा चर असा खणावा. घराच्या चढाकडील अंगास, पायापासून बेताचें अंतर राखून, एक फूट रुंद व दीड-दोन फूट खोल चर घ्यावा. पाया जितका खोल, निदान तितक्या अंतरावर चर असावा, म्हणजे पायाची माती सुटणार नाहीं. दर आठ फुटांस एक इंच याप्रमाणें तळाला ढाळ द्यावा. तळाशीं पाणी झिरपूं देणारें जाड विणीचें कापड पसरावें, त्यावर स्वच्छ खडी, त्यावर भोंकें असलेली नळी भोंकें खालीं करून ठेवावी, वर पुन्हां खडी, आणि कापडाचीं टोंकें वरून मिटून घ्यावींत. कापड नसेल तर दोन पावसाळ्यांत गाळानें खडी बुजते. नळीचें दुसरें तोंड चरापेक्षां खालच्या जागीं उघडें निघालें पाहिजे. ज्याला तोंड नाहीं तो चर नव्हे, तें लांबट डबकें.

शोषखड्ड्याविषयींहि लोक विचारतात. नांदेड जिल्ह्यांत टेंभुर्णीसारख्या गांवांनीं घरोघर शोषखड्डे खणून उघडीं गटारें आणि त्यांबरोबर डांसहि हटविले, हें खरें आहे. परंतु एका गांवचें औषध दुसऱ्या गांवीं डोळे मिटून देऊं नये. आमच्या नाहूरसारख्या खाडीकांठच्या सखल भागांत, विशेषतः रुळांच्या पूर्वेस, पावसाळ्यांत जमीन मुळांतच तुडुंब भरलेली असते. तेथें खणलेला खड्डा पाणी शोषण्याऐवजीं पाण्यानें भरतो. आधीं हातभर खड्डा खणून पाहावा; आषाढांत त्यांत आपोआप पाणी आलें तर शोषखड्ड्याचा नाद सोडावा.

जमिनींतल्या पाण्याचा आणखी एक धोका आहे, आणि तो जिवावरचा आहे. चढाकडील माती अडवून धरणारी भिंत आपण बांधतों. पाऊस लागला कीं तिच्यामागची माती पाणी पिऊन जड होते आणि पाण्याचा दाब भिंतीला पुढें रेटतो. म्हणून अशा भिंतीच्या पायथ्याशीं पाणी सुटण्यास भोंकें ठेवावींच लागतात, आणि तीं बुजूं न देणें हें घरवाल्याचें काम. १ व २ जुलै २०१९ यांमधील रात्रीं मालाडच्या पिंपरीपाड्यांत मुसळधार पावसांत एक मोठी संरक्षक भिंत कोसळली आणि तीसहून अधिक माणसें दगावलीं. ज्यांचीं घरें डोंगराच्या पायथ्याशीं आहेत त्यांनीं भिंत फुगली, तिला आडवी चीर गेली, किंवा भोंकांतून येणारें पाणी एकाएकीं बंद झालें, तर त्या रात्रीं तेथें निजूं नये.

चौथें पाणी आपल्याच मोरीचें. मोरीखालीं वांकडी नळी असते. तिच्या वांकांत नेहमीं दोन इंच पाणी उभें राहतें आणि गटाराची दुर्गंधि वर येऊं देत नाहीं. ही युक्ति लंडन येथें अलेक्झांडर कमिंग यानें १७७५ सालीं पेटंट केली. आपल्याकडे नळकाम करणारे या वस्तूला नहाणी ट्रॅप म्हणतात. आपल्या न्हाणीघराचा शब्द साहेबाच्या यंत्रविद्येंत जाऊन बसला आहे. गांवीं जाऊन महिन्यानें परतल्यावर घरांत घाण येते, कारण तें दोन इंच पाणी सुकलेलें असतें. लोटाभर पाणी ओतलें कीं काम झालें. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. मुंबईंत पावसाचें गटार निराळें आणि मैल्याची वाहिनी निराळी आहे. सोय म्हणून कित्येक जण पन्हळीची नळी मैल्याच्या वाहिनींत जोडून टाकतात. मोठी सर आली कीं ती वाहिनी भरते, आणि तिच्यांतील घाण तळमजल्यावरच्या माणसाच्या मोरींतून वर येते. जोडणारा दुसऱ्या मजल्यावर असतो. त्याला याचा पत्ताहि नसतो.

येथें भरतीचा प्रश्न येतो. खाडीला दिवसांतून दोनदां भरती येते. त्या वेळीं खाडीची पातळी गटाराच्या तोंडापेक्षां वर चढली तर पाणी बाहेर जात नाहीं. उलट आंत येऊं पाहतें. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती यांची गांठ पडली कीं मुंबई तुंबते ती यामुळें. कोंकणांतील शेतकऱ्यांनीं यावर तोड काढली होती. खारजमिनीच्या बांधाला ते उघाडी ठेवीत. उघाडी म्हणजे खाडीच्या बाजूला उघडणारें दार. ओहोटीला आंतलें पाणी तें दार ढकलून बाहेर पडतें; भरतीचें पाणी तेंच दार दाबून बंद करतें. रखवालदार नको, यंत्र नको. घराच्या मोरीच्या नळीवरहि हल्लीं असें एकाच दिशेस उघडणारें झडप बसवितां येतें. तळमजल्यावर राहणाऱ्यांनीं तें अवश्य बसवावें. मात्र झडप बंद असतांना आपल्या घरचें पाणीहि बाहेर जात नाहीं, हें ध्यानांत ठेवून त्या घटकांत नळ सोडूं नये.

श्रोतेहो, येथवर मी फूट, इंच आणि नळ्या यांविषयीं बोललों. आतां ज्या गोष्टीसाठीं हें सारें सांगितलें तिच्याकडे येतों. आमच्या बाजूस एका आळींत पांच घरें उतारावर ओळीनें आहेत. वरच्या घरवाल्यानें डागडुजी करतांना भराव घालून अंगण फूटभर वर घेतलें. त्याचें पाणी दुसऱ्याकडे गेलें. म्हणून दुसऱ्यानें आपलें अंगण वर घेतलें. असें करतां करतां चारहि अंगणें वर आलीं आणि सर्वांत खालचें, एका वृद्ध बाईंचें घर खड्ड्यांत गेलें. पूर्वीं ज्या घराला दोन पायऱ्या चढाव्या लागत तेथें आतां एक पायरी उतरावी लागते. त्या मला म्हणाल्या, "मास्तर, माझ्या घरावर एवढा पाऊस पडतच नाहीं. हा पाऊस वरच्या घरांवर पडतो आणि माझ्या घरांत येतो." पावसाळी पाण्याचें सारें शास्त्र या दोन वाक्यांत आलें आहे.

कायदा याविषयीं काय म्हणतो? १८८२ सालचा इंडियन ईझमेंट अॅक्ट, ज्याला आपण वहिवाटीच्या हक्कांचा कायदा म्हणतों, त्यांत असें आहे कीं, वरच्या जमिनीवर पडलेलें आणि ठराविक पाटांतून न वाहणारें पाणी स्वाभाविकपणें खालच्या जमिनीवर जाऊं देण्यास खालच्या मालकानें हरकत घेऊं नये. या वाक्याचा सारा भार स्वाभाविकपणें या शब्दावर आहे. भुईवरून पसरत येणारें पाणी स्वाभाविक. पण छप्पर, भराव आणि फरशी यांनीं गोळा करून एका नळीनें शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडलेलें पाणी स्वाभाविक कसें म्हणावें? उलट खालच्यानेंहि रागानें भिंत घालून वरच्याची वाट बंद करावी हें या तत्त्वाला धरून नाहीं. परंतु कोर्टाचा निकाल लागेपर्यंत किती पावसाळे जातील हें कोणी सांगावें? त्या आळीनें दुसरा मार्ग धरला. पांचहि घरवाले एका रविवारीं बसले. नळीनें पातळी मोजली. घरांच्या मागून एक सामाईक गटार पालिकेच्या गटारापर्यंत न्यावयाचें ठरलें. खर्च सारखा वांटावा असें कोणी म्हणालें. तेव्हां असा हिशेब मांडला गेला कीं, ज्याचें छप्पर व फरशी मोठी त्याचें पाणी जास्त, म्हणून त्याची वर्गणी जास्त. चौरस फुटांवर वर्गणी बसली. सर्वांत खालच्या बाईंची वर्गणी सर्वांत कमी आली, आणि तींत कोणाचे उपकार नव्हते. तें त्रैराशिक होतें. गटार झालें त्या पावसाळ्यांत बाईंच्या चुलीशीं पाणी आलें नाहीं, आणि वरच्या चौघांचीं अंगणेंहि लवकर वाळूं लागलीं, हें मुद्दाम सांगतों.

एका गोष्टीची मात्र कळकळीची विनंति आहे. रस्त्यावर पाणी सांचलें म्हणजे तें लवकर ओसरावें म्हणून लोक गटाराचीं लोखंडी झांकणें उघडतात. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टींत डॉ. दीपक अमरापूरकर हे मुंबईचे नामवंत पोटविकारतज्ज्ञ पाण्यांतून चालत घरीं निघाले असतां अशाच एका उघड्या मॅनहोलमध्यें पडले आणि प्राणांस मुकले. पुढें महापालिकेनें पुष्कळ ठिकाणीं झांकणांखालीं जाळ्या बसविल्या; परंतु जाळीपेक्षां आपला संयम बरा. झांकण कोणींहि स्वतः उघडूं नये. १९१६ या क्रमांकावर पालिकेला कळवावें. घरांत पाणी शिरूं लागलें तर प्रथम विजेचें मुख्य बटण बंद करावें, मगच सामान उचलावें. ओल्या पायांनीं पंप लावण्यास जाऊं नये. पायाला जखम असेल तर त्या पाण्यांत शिरूं नये आणि शिरावें लागलेंच तर त्याच दिवशीं वैद्यांना विचारावें; उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यापासून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि २००५ च्या पुरानंतर त्यानें मुंबईंत पुष्कळ बळी घेतले.

मोठीं यंत्रेंहि या नियमांतून सुटत नाहींत. १८ जुलै २०२१ रोजीं आमच्या शेजारीं भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रांतच पावसाचें पाणी शिरलें, विजेचीं यंत्रें बंद पडलीं आणि मुंबईच्या बहुतेक भागांत नळ कोरडे राहिले. चोहोंकडे पाणी आणि घोटभर पिण्यास नाहीं, अशी ती स्थिति. नको असलेल्या पाण्याला वाट मिळाली नाहीं तर हवें असलेलें पाणीहि मिळत नाहीं, याहून स्पष्ट धडा कोणता?

तहान लागल्यावर विहीर खणूं नये. तसा पाणी शिरल्यावर चर खणूं नये. वैशाखांतच कामाला लागावें. पन्हळी झाडाव्या, ढाळ मोजावा, भिंतींचीं भोंकें मोकळीं करावीं, घरासमोरच्या गटारांत प्लॅस्टिक टाकूं नये आणि कोणी टाकलेलें दिसलें तर काढावें. हें काम हलकें आहे असें ज्यांना वाटेल त्यांनीं गाडगे महाराजांचें स्मरण करावें. १९५६ सालीं निवर्तलेला तो पुरुष गांवांत शिरला कीं प्रथम हातांतल्या खराट्यानें रस्ते आणि गटारें साफ करी, आणि मग कीर्तनाला उभा राही.

शेवटीं एकच मागणें आहे. पुढच्या मोठ्या सरीनंतर, पाऊस उघडला म्हणजे, छत्री घेऊन बाहेर पडा आणि आपल्या मोरीचें पाणी कोठें जातें तें त्याच्या कडेकडेनें चालत जाऊन पाहा. जेथें तें थांबलेलें दिसेल तेथें कोणाचें तरी दार असेल. त्या दाराशीं क्षणभर उभे राहा. पुढें काय करावयाचें तें मला सांगावें लागणार नाहीं.